प्लेक्सकडून जेलीफिनकडे

घरातल्या हार्ड डिस्कवरचे चित्रपट टीव्हीवर आणि मोबाइलवर पोहोचवणाऱ्या मीडिया सर्व्हरांत प्लेक्स सर्वांत परिचित. तो चालतो घरच्या संगणकावर, पण लॉगिन कंपनीच्या खात्यातून होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या खात्यांच्या माहितीपर्यंत चोर पोहोचले आणि ग्राहकांना पासवर्ड बदलावे लागले. एप्रिल २०२५ पासून आपलेच व्हिडिओ घराबाहेरून पाहायलाही पैसे मोजावे लागतात.

जेलीफिनचा जन्म डिसेंबर २०१८ मधला. एम्बी या सर्व्हरने आपला कोड बंद केल्यावर काहींनी आधीचा खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली. जीपीएल परवाना, स्वयंसेवकांचे काम. पैसे भरून उघडणारी एकही सोय नाही.

जेलीफिनकडे जाताना फाइली हलवाव्या लागत नाहीत. प्लेक्सचा पोर्ट ३२४००, जेलीफिनचा ८०९६; त्यामुळे दोन्ही सर्व्हर काही काळ एकाच फोल्डरवर सुखाने नांदतात. नावे मात्र आधी नीट करावीत. ‘श्यामची आई’ १९५३ चाही आहे आणि २०२३ चाही. फोल्डरच्या नावात कंसात साल नसेल, तर अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला नव्याचे पोस्टर चिकटू शकते. काय पाहून झाले याची नोंद प्लेक्सच्या डेटाबेसमध्येच राहते. ती आणायला वेगळी साधने वापरावी लागतात.

खरी कसोटी ट्रान्सकोडिंगची. टीव्हीला फाइलचा कोडेक झेपत नसेल, तर सर्व्हर ती चालता चालता बदलून देतो. इंटेलच्या प्रोसेसरमधले क्विक सिंक हे काम सहज करते. प्लेक्समध्ये त्यासाठी सशुल्क पास लागतो, जेलीफिनमध्ये नाही. डॉकर वापरणाऱ्याने ग्राफिक्सचे उपकरण कंटेनरला जोडून द्यायचे. ते राहिले तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र अडखळू लागते. ब्लू-रेची सबटायटल्स चित्ररूपात असतात. ज्या टीव्हीला ती दाखवता येत नाहीत, त्याच्यासाठी ती चित्रातच मिसळावी लागतात आणि अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो. साधी एसआरटी फाइल शेजारी ठेवली की बहुतेकदा हा व्याप टळतो.

घराबाहेरून पाहताना जेलीफिनच्या बाबतीत प्लेक्ससारखी कंपनी मध्ये उभी नसते. त्यासाठी वायरगार्ड किंवा टेलस्केल यांसारखे व्हीपीएन वापरावे; ८०९६ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडणे हा निव्वळ आळस. बॅकअपही ज्याचा त्यानेच घ्यायचा. टीव्हीवरच्या ॲपची सफाई अजून प्लेक्सचीच सरस आहे. बाकी बाबतींत घरगुती वापराला जेलीफिन पुरेसा आहे.