संशयाचा फायदा

बाहेर कोणी बोलत नसताना, कोणतेही वाद्य वाजत नसताना कानात ध्वनी ऐकू येत राहणे, यास आपले जुने वैद्य कर्णनाद म्हणतात. माधवनिदानात या व्याधीचे वर्णन करताना भेरी, मृदंग आणि शंख यांच्या ध्वनींचा उल्लेख आहे. आमच्या वाट्यास मात्र एवढे मंगलवाद्य आले नाही. गेली पाच वर्षे आमच्या दोन्ही कानांत रातकिड्याची एकसुरी किरकिर चालू आहे. दिवसा न्यायालयाच्या गलबल्यात तिचा पत्ता नसतो. रात्री देवळातील आरती आटोपून घंटा शांत झाली की तिचे कीर्तन सुरू होते, आणि त्यास श्रोते आम्ही एकटेच!

अशा रोग्यास सल्लागारांची वाण पडत नाही. त्या सर्वांचे एका गोष्टीवर एकमत असते, ते म्हणजे ब जीवनसत्त्वाची गोळी. आमच्या धाकट्या काकी या पक्षाच्या प्रमुख. काका गेल्यापासून बावीस वर्षे त्यांनी मासळी वर्ज्य केली आहे. दूध त्यांस पचत नाही. पायांना मुंग्या, विलक्षण थकवा आणि जोडीला कर्णनाद, अशी त्यांची अवस्था झाली, तेव्हा रक्त तपासले गेले आणि बी-१२ फारच कमी निघाले. इंजेक्शने झाली. मुंग्या ओसरल्या, अंगात बळ आले, आणि काकींच्याच शब्दांत सांगायचे तर कानातला आवाज "माजघरातून उठून अंगणात गेला". तेव्हापासून त्या आमच्यासाठी गोळ्यांचे पाकीट घेऊन येतात.

"अरे, पुराव्याचे कायदे कोर्टात ठेव," त्या म्हणतात. "घेऊन तर पाहा. मला गुण आला, तुला का येणार नाही?"

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. काकींचा पक्ष अगदीच निराधार आहे असे नव्हे. मज्जातंतूंवर जे आवरण असते ते शाबूत राहण्यास बी-१२ लागते, आणि कानातून मेंदूकडे जाणारी नाडीही मज्जातंतूच आहे. १९९३ साली इस्रायलच्या लष्करी सेवेतील ११३ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. मोठ्या आवाजाने ऐकणे कमी होऊन कर्णनादही जडलेल्यांत बी-१२ ची उणीव ४७ टक्के लोकांत आढळली. नुसतेच ऐकणे कमी झालेल्यांत २७, आणि निरोगी लोकांत १९ टक्के. उणीव भरून काढल्यावर बारा जणांस काहीसा आराम पडला. २०१६ साली आपल्या देशातील ४० रोग्यांवरचा एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात बी-१२ ची इंजेक्शने घेतलेल्यांपैकी ज्यांच्या रक्तात ते कमी होते त्यांस गुण आला. ज्यांच्यात ते पुरेसे होते त्यांस आला नाही.

आमच्या मते साऱ्या वादाचे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. रिकाम्या घागरीत ओतलेले पाणी उपयोगी पडते. भरल्या घागरीत ओतलेले ओसंडून जाते. आम्ही रक्त तपासून घेतले. आमची घागर भरलेली निघाली.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कोणत्याही गोष्टीच्या तीन अवस्था सांगितल्या होत्या: सिद्ध झालेली, खोटी ठरलेली, आणि सिद्धही न झालेली व खोटीही न ठरलेली. २०२४ च्या जुलैपासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी या तीन पायऱ्या कायम आहेत. ज्याच्या अंगी उणीव नाही त्याच्या कर्णनादावर ब जीवनसत्त्वाची गोळी चालते, हे म्हणणे आज तिसऱ्या पायरीवर उभे आहे. संशयाचा फायदा तिला द्यावा, असे कोणी म्हणेल. पण तो फायदा आरोपीस मिळतो, आणि गोळी आरोपी नव्हे. 'मी बरे करते' असा दावा घेऊन ती आली आहे. सिद्धतेचा भार तिच्यावरच पडतो. अमेरिकेतील कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१४ साली, दीर्घकाळ छळणाऱ्या कर्णनादासाठी अशी पूरके सुचवू नयेत, असाच निर्वाळा दिला. ऐकणे कमी असेल तर श्रवणयंत्र, आणि मनाचा त्रास हलका करणारी समुपदेशनाची पद्धत, हे मार्ग तिने पुढे ठेवले.

"घेतल्याने अपाय तर नाही ना?" हा काकींचा शेवटचा मुद्दा. बी-१२ पुरता तो बहुतांशी खरा आहे. पण मिश्र गोळ्यांत बी-६ असते, आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूच दुखावतात. जी मुंगी काकींच्या पायांतून गेली, ती आमच्या पायांत यावयाची!

वाचकांपैकी कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. श्रावणात मासळी सोडल्याने काही बिघडत नाही. यकृतात बी-१२ चा साठा वर्षानुवर्षे पुरेल इतका असतो. परंतु जे कायमचे शाकाहारी असून दूधदहीही घेत नाहीत, जे वयोवृद्ध आहेत, मधुमेहासाठी जे वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतात, त्यांनी रक्त अवश्य तपासून घ्यावे. आणि ज्यास एकाएकी ऐकू येईनासे होईल, एकाच कानात नाद राहील, किंवा तो नाडीच्या ठोक्याबरोबर वाजेल, त्याने गोळीच्या नादी न लागता तज्ज्ञ गाठावा. एकाएकी गेलेल्या श्रवणशक्तीवर उपचाराचे दिवस मोजकेच असतात.

आमच्यापुरते म्हणाल तर आम्ही रात्री पंखा चालू ठेवतो. त्याच्या घरघरीत रातकिडा बराचसा बुडतो. काकींचे पाकीट आम्ही परत करीत नाही, कारण त्यातील माया सिद्ध झालेली आहे. तिला पुरावा लागत नाही. फक्त ते उघडीत नाही.