पळते पान

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून 1964 च्या सुमारास जो पहिला लाकडी माऊस तयार झाला, त्याला दोन चाके होती. परंतु ती त्याच्या पोटाखाली. पाठीवरचे चाक सर्वसामान्यांच्या परिचयाचे झाले ते 1996 साली आलेल्या इंटेलिमाऊसमुळे. (माऊसला ‘उंदीर’ म्हणण्याचा धीर मला अजून होत नाही.) या पाठीवरच्या चाकाने माझ्या आजोबांचे वाचन जवळजवळ बंद पाडले होते.

मराठी विश्वकोशाचे जाड खंड हातांना पेलवेनासे झाल्यापासून आजोबा तो संगणकावर वाचीत. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, याचे त्यांना कोण कौतुक! तथापि हळूहळू ते टेबलाकडे फिरकेनासे झाले. विचारले तेव्हा म्हणाले, “ओळ निसटते रे. डोळे थकले आता.”

मी त्यांच्या पाठीशी उभा राहून पाहिले. दोष डोळ्यांचा नव्हता. चाक एक खाच फिरले की मजकूर झटक्यासरशी वर उडे, आणि वाचीत असलेली ओळ शोधण्यातच त्यांचा जीव मेटाकुटीस येई. त्यातच कापरे बोट चाकावर दाबले जाई. मग पडद्यावर एक लहानसे वर्तुळ उमटे आणि हात किंचित हलला तरी पान आपोआप धावू लागे. यंत्राचा हा उतावीळपणा आजोबांनी निमूटपणे आपल्या वार्धक्याच्या खाती जमा केला होता. मला वाईट वाटले ते याचेच.

वस्तुतः चाक पान हलवीत नाही; ‘एक खाच फिरली’ एवढाच निरोप ते धाडते. विंडोजमध्ये या निरोपाचा अंक 120 असा ठरलेला आहे आणि एका खाचेस 3 ओळी, हे मूळ प्रमाण. त्या ‘ओळी’ म्हणजे प्रत्यक्षात किती अंतर, हे पुन्हा ब्राउझर आपल्या हिशेबाने ठरवितो.

विंडोजच्या सेटिंगांतील माऊसच्या पानावर मी 3 चा 1 केला. पान शहाण्यासारखे चालू लागले, पण लांब नोंद वाचताना आजोबांचे बोट दुखू लागले. तेव्हा 2 वर तडजोड झाली. चाक दाबल्यावर पान आपोआप सरकण्याची सोय ब्राउझरच्या सेटिंगांतून काढून टाकली. पान झटक्याने न उडता अलगद सरकावे, ही सोय मात्र चालू ठेवली. कित्येकांना ती संथ वाटते. मला विचाराल तर, सरकणाऱ्या ओळीमागे नजर जाऊ शकते, उडालेल्या ओळीमागे नाही. पडदाभर मजकूर एकदम पुढे न्यावयाचा असल्यास स्पेसची कळ आहेच. शिफ्टसह तीच दाबली की मागे येता येते.

धाकट्या भावाने मात्र दुसऱ्याच दिवशी तक्रार केली, की पान गोगलगाईसारखे चालते. चाकाचे हे प्रमाण ज्याच्या त्याच्या खात्यापुरते राहते. म्हणून त्याला निराळे खाते उघडून दिले आणि तेथे 5 चा आकडा घातला.