तेलाची वही

निफाड तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर, खुंटीला टांगलेल्या कापडी पिशवीत वडिलांची एक वही असे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कोपरे तेलकट झालेली. तीत कांद्याचे भाव नव्हते, मजुरीचे हिशेब नव्हते, उसनवारीही नव्हती. ती फक्त गाडीची वही होती. तारीख, किलोमीटर आणि काय केले, एवढे तीनच रकाने. मराठी साहित्य शिकवण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला हस्तलिखितांचे आकर्षण असावे अशी अपेक्षा असते. मी इतरांची हस्तलिखिते पाहायला ग्रंथालयांत गेलो. ही वही मात्र अण्णांच्या हयातीत कधी उघडली नाही. उघडली ती ते गेल्यानंतर, गाडी विकायची वेळ आली तेव्हा.

गाडी म्हणजे २००३ सालची डिझेल पिकअप. आमच्या भागात हिला कोणी कंपनीच्या नावाने ओळखत नाही. ती नुसती ‘पिकअप’. लासलगावला कांदा, पिंपळगावला टोमॅटो, परतताना खताच्या गोण्या किंवा कुणाच्या लग्नाची भांडी, असा तिचा वीस वर्षांचा दिनक्रम. काट्यावर पावणेतीन लाख किलोमीटर झालेले. अण्णा गेल्यावर ती काही महिने शेडमध्ये उभी होती. धाकटा भाऊ शेती बघतो. त्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज होते. गाडी विकून त्यातला बराचसा भाग फेडायचा, असे ठरले. सुट्टीत मी गावी होतो, म्हणून गाडी गॅरेजला न्यायचे काम माझ्याकडे आले.

मिस्त्रींनी गाडी सुरू केली, बॉनेटवर हात ठेवून क्षणभर ऐकले आणि निदान सांगितले, “सर, ऑइल खाते ही. वीस-पन्नास टाका. म्हातारीला जाड ऑइलच लागतं. आवाज बसेल, धूर कमी होईल. गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत बास.”

गॅरेजमध्ये ‘तेल’ हा शब्द कोणी वापरत नाही. तेल स्वयंपाकघरात, इंजिनात घालायचे ते ऑइल. आणि ‘जुन्या गाडीला जाड ऑइल’ हे वाक्य तिथे म्हणीसारखे फिरते. वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, की मौखिक परंपरेतले ज्ञान अडाणी समजू नये. त्यामागे पिढ्यांचा अनुभव असतो. आता ती परंपरा माझ्यापुढे पान्हा घेऊन उभी होती आणि गाडीच्या खणात सापडलेली माहितीपुस्तिका, म्हणजे लिखित संहिता, तिच्या विरुद्ध साक्ष देत होती. पुस्तिकेची सुरुवातीची पाने गळाली होती, पण वंगणांचा तक्ता शाबूत होता. त्यात लिहिले होते : १५डब्ल्यू-४०, प्रत सीएफ-४ किंवा त्यावरची.

या आकड्यांचा अर्थ मला तोवर ठाऊक नव्हता. ‘पंधरा-चाळीस’ हा एक मंत्र होता, आणि मंत्राचा अर्थ विचारायचा नसतो. त्या रात्री तो शोधत बसलो. तेलाच्या दाटपणानुसार प्रती ठरवण्याची पद्धत अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली सुरू केली. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतले वागणे सांगतो. १५डब्ल्यूची परीक्षा उणे २० अंश सेल्सिअसला होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ला. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. पारा पाच अंशांखाली गेला की वर्तमानपत्रांत आमचे नाव छापून येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. पण तेलाच्या हिशेबात ही थंडी किरकोळच. सकाळी जाड तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचायला थोडा अधिक वेळ घेईल, इतकेच. म्हणजे वाद पहिल्या आकड्याचा नव्हता.

वाद दुसऱ्या आकड्याचा होता. तो तापलेल्या इंजिनातला, १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. ‘४०’ प्रतीच्या तेलाचा दाटपणा त्या तपमानाला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक या मर्यादेत असतो, ‘५०’चा १६.३ ते २१.९. तेल तापले की पातळ होणारच. ते फार पातळ होऊ नये म्हणून अशा दुहेरी आकड्यांच्या तेलात लांब साखळ्यांची बहुवारिके मिसळलेली असतात. थंडीत ती गुंडाळून बसतात, उष्णतेने उलगडतात आणि तेलाला धरून ठेवतात. धातू आणि धातू यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ पडदा असतो. इंजिन चालते ते खरे तर त्या पडद्यावर.

इथे मिस्त्रींच्या म्हणीतले तथ्य उमगले. जुन्या इंजिनात धातू झिजून फटी वाढलेल्या असतात. रुंद फटीत पातळ तेल टिकत नाही, दाब पडतो, टॅपेट वाजू लागतात. जाड तेल ती फट भरून काढते. आवाज खरोखरच बसतो. म्हणजे म्हण खोटी नाही. पण जाड तेल झिजलेला धातू परत आणत नाही. ते घुसळण्यात इंजिनाची शक्ती अधिक खर्च होते, डिझेलही थोडे जास्त लागते. मुख्य म्हणजे बिघाडाची जी खूण कानाला कळायला हवी, ती कळेनाशी होते. बेअरिंगे सैल झाली असतील आणि दाब पडत असेल तर काही दिवसांचा आधार म्हणून जाड तेल घालणे समजू शकते. आमच्या गाडीत नेमके काय झिजले होते?

याचे उत्तर त्या वहीत होते. सुरुवातीची पंधरा वर्षे एकाच ठेक्यात चालतात : ऑइल बदलले, फिल्टर बदलला, १५-४०. दोन बदलांच्या मध्ये काहीच नाही. २०१८पासून मधल्या ओळी येऊ लागतात. ‘अर्धा लिटर टाकले.’ मग तीच ओळ दोन हजार किलोमीटरने, मग हजाराने, शेवटी सातशेने. एके ठिकाणी लिहिले होते, ‘ऑइल काळे, पण बोटाला दाणा नाही.’ डिपस्टिक पुसून तेल अंगठ्यावर चोळताना अण्णांना मी असंख्य वेळा पाहिले होते आणि मनात हसलोही होतो. डिझेल इंजिनातले तेल लवकर काळे पडते. काजळी भिंतींवर बसू न देता स्वतःत तरंगत ठेवणे हे त्याचे कामच आहे. रंगावरून घाबरायचे नाही, हे अण्णांना पुस्तकावाचून कळले होते. आणि २०२० सालच्या एका पानावर : ‘मिस्त्री जाड टाका म्हणतो. नको.’

फक्त ‘नको’. कारण दिलेले नाही. अण्णांचे गद्य असेच होते.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना ऑइलचा दाब मोजायची विनंती केली. त्यांनी आढेवेढे न घेता घड्याळ लावले. इंजिन चांगले तापल्यावर, संथ चालीवर काटा सव्वा किलोवर स्थिर राहिला. वेग वाढवल्यावर साडेतीनवर गेला. बेअरिंगे ठीक होती. ऑइल जात होते ते पिस्टनच्या रिंगांवाटे, जळून, निळसर धूर होऊन. मिस्त्री प्रामाणिक गृहस्थ. हसून म्हणाले, “गाडीला जाड ऑइलची गरज नाही सर. गिऱ्हाइकाला आहे.”

या एका वाक्याने प्रश्न तंत्राचा उरला नाही. वीस-पन्नास घातले तर धूर थोडा कमी दिसेल आणि गाडी बऱ्या भावात जाईल. घेणाऱ्याला दोन-तीन महिन्यांनी कळेल. यात बेकायदा काही नाही. बाजारात हे चालतेच. मी दुकानात गेलो. दुकानदाराने आधी महागाचे सिंथेटिक ५डब्ल्यू-३० पुढे केले. पण इतके पातळ तेल ज्या इंजिनांसाठी घडवलेले असते, त्यांतले आमचे नव्हते. डब्यावरचे दुसरे अक्षरही पाहायला मी शिकलो होतो : ‘एस’ने सुरू होणारी प्रत पेट्रोलची, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलची. सीएफ-४ ही १९९० सालची प्रत, सीआय-४ ही २००२ची. म्हणजे जवळजवळ गाडीच्याच वयाची आणि पुस्तिकेच्या अटीत बसणारी. १५डब्ल्यू-४०, सीआय-४ असा डबा घेऊन मी परतलो.

गिऱ्हाईक गावाजवळचाच एक तरुण होता, दुसऱ्याची गाडी चालवणारा. स्वतःची पहिली घेणार होता. सकाळी थंड इंजिन सुरू केले, तेव्हा मागून निळसर धूर निघाला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी वही त्याच्या हातात दिली. ती त्याने माझ्यापेक्षा चांगली वाचली. शेवटच्या पानापासून मागे येत, दोन ओळींतले किलोमीटर बोटांवर मोजत, तो पाच मिनिटांत निष्कर्षावर आला. “रिंगांचं काम निघणार. पण खाली काही नाही,” तो म्हणाला आणि पंचवीस हजार कमी करून मागितले. मी हो म्हटले.

भावाला हे रुचले नाही. “दादा, तत्त्व तुझं आणि पैसे माझे,” एवढेच तो बोलला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्या माणसाचा प्रामाणिकपणा स्वस्त असतो. त्याची किंमत बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडते. पंचविसातला फरक मी भरून दिला. त्याने घेतला, पण देताना-घेताना दोघांनाही बरे वाटले नाही. अण्णांचे ‘नको’ मला उशिरा समजले असे मी स्वतःला सांगतो. पण ते ‘नको’ त्यांनी स्वतःच्या गाडीसाठी, स्वतःच्या खर्चाने लिहिले होते, हा फरकही विसरता येत नाही. बहुधा त्यांना इंजिनाचा खरा आवाज ऐकत राहायचे होते, इतकेच.

निघताना त्या तरुणाने संकोचत विचारले, “सर, वही गाडीबरोबर नेली तर चालेल का?” मी क्षणभर थांबलो. मूळ प्रत हातची सोडायची नसते, हे आमच्या व्यवसायातले पहिले सूत्र. तासाभरात वहीची झेरॉक्स काढून आणली आणि मूळ त्याला दिली.

पुढच्या दिवाळीत तो कांदा खाली करून परतताना रस्त्यात भेटला. गाडी थांबवून त्याने खणातून वही काढून दाखवली. अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ मोकळी सोडली होती. त्याखाली निराळ्या, गोलसर अक्षरात लिहिले होते, ‘रिंगा बदलल्या. १५-४० टाकले.’ आणि त्यानंतर दिवाळीपर्यंतच्या रकान्यांत, दोन बदलांच्या मध्ये, काहीच नव्हते.