मत्क्वारीच्या काठी

५ एप्रिल

भाचीला आज वर्ग नव्हते. ती इथे तिबिलिसीत वैद्यकीय शिक्षण घेते. भारतातली हजारो मुले जॉर्जियात याच शिक्षणासाठी येतात. तिच्याबरोबर रोपवेने सोलोलाकीच्या डोंगरधारेवर गेले. नारिकला किल्ल्याचे पडके तट, खाली मत्क्वारी नदी, पलीकडे कड्याच्या टोकावर मेतेखीचे चर्च आणि त्याच्यासमोर घोड्यावर बसलेल्या राजा वाख्तांग गोर्गासालीचा पुतळा. पाचव्या शतकातल्या या राजाने तिबिलिसी वसवले असे मानतात. शिकारीत त्याचा ससाणा सावजासकट गरम पाण्याच्या झऱ्यात पडला, म्हणून नगर इथे झाले, अशी दंतकथा आहे. राजधानी म्त्सखेताहून इथे हलवली ती त्याच्या मुलाने, दाचीने.

वरून दिसणारे ‘जुने शहर’ वाटते तितके जुने नाही. सप्टेंबर १७९५ मध्ये इराणच्या आगा महंमद खानाने क्र्त्सानिसीला राजा एरेक्ले दुसरा याचा पराभव केला, शहर जाळले आणि हजारो माणसे कैद करून नेली. सहा वर्षांत रशियाने हे राज्यच खालसा केले. प्रवासी ज्यांचे फोटो काढतात ते कोरीव लाकडी सज्जे बहुतेक त्यानंतरचे, एकोणिसाव्या शतकातले. पण गल्ल्यांची वळणे मध्ययुगीनच आहेत. लोक परतले आणि त्यांनी जुन्याच वाटांवर पुन्हा भिंती उभारल्या. मला सज्जांपेक्षा या वाटांचे अधिक अप्रूप वाटते.

६ एप्रिल

आबानोतुबानी, म्हणजे हमामांचा मोहल्ला. विटांचे बुटके घुमट जमिनीतून वर आलेले. स्नानगृहे त्यांच्याखाली, पायऱ्या उतरून. पाणी तापवायला सरपण लागत नाही, ते जमिनीतूनच गरम येते, आणि गंधकाचा वास गल्लीच्या तोंडापासून सोबत करतो. आत दगडी ओट्यावर निजवून एका बाईने खरखरीत हातमोज्याने अंग असे घासले की दिवाळीतले उटणे आठवले. १८२९ साली पुश्किन इथे न्हाऊन गेला आणि त्याने या हमामांची तोंड भरून स्तुती लिहून ठेवली.

अरबांनी इथे जवळजवळ चारशे वर्षे अमिरात चालवली. ११२२ मध्ये जॉर्जियाचा राजा दावित आग्माशेनेबेली याने शहर परत घेतले. पुढे मंगोल आले, तैमूर आला, इराणी आणि तुर्क आले. प्रत्येकाने शहर लुटले आणि प्रत्येकजण या पाण्यात उतरला. झरा कोणालाच उचलून नेता आला नाही.

७ एप्रिल

दिवसभर पायी. सिओनी कॅथीड्रलमध्ये संत निनोचा क्रूस आहे. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म घेऊन आलेल्या या स्त्रीने द्राक्षवेलीच्या दोन काटक्या आपल्याच केसांनी बांधून तो केला, अशी श्रद्धा आहे. तिथून निघालो की थोड्याच अंतरात सिनेगॉग, आर्मेनियन लोकांचे सुर्ब गेवोर्ग चर्च (दारापाशी कवी सायात-नोवाची कबर), वरच्या चढावर जरथुष्ट्री अग्निमंदिराचा चौकोनी सांगाडा आणि हमामांच्या मागे जुम्मा मशीद.

मशिदीत बराच वेळ बसले. नदीवर नवा पूल बांधताना १९५१ मध्ये सोव्हिएत सरकारने इथली शियांची निळी मशीद पाडली. सुन्नींनी त्यांना आपल्या मशिदीत जागा दिली आणि तेव्हापासून दोघे एकाच छपराखाली नमाज पढतात. सलोख्याची भाषणे मी खूप ऐकली आहेत. इथे तो एका पाडापाडीतून आला आणि सत्तर वर्षे टिकला, याने मन भरून आले.

८ एप्रिल

म्त्सखेता, अर्ध्या तासाच्या अंतरावर. ज्वारी नावाच्या मठाच्या टेकडीवरून आराग्वी नदी मत्क्वारीला मिळताना दिसते. वारा फार, लवकर उतरलो. जुन्या राजधानीत आज एक शांत गाव आणि अकराव्या शतकातले भव्य स्वेतित्सखोवेली कॅथीड्रल.

९ एप्रिल

रुस्तावेली रस्त्यावर संसद भवनासमोर सकाळपासून माणसे फुले घेऊन येत आहेत. १९८९ साली याच तारखेच्या पहाटे सोव्हिएत सैन्याने स्वातंत्र्य मागणाऱ्या निदर्शकांवर फावडी चालवली आणि विषारी वायू सोडला. २१ जण गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. दोन वर्षांनी, त्याच तारखेला, जॉर्जियाने स्वातंत्र्य जाहीर केले.

भाचीच्या घरमालकीणबाई सोबत होत्या. त्यांच्या बोलण्यात १९७८ पुन्हापुन्हा येत होते. त्या वर्षी नव्या राज्यघटनेतून जॉर्जियन भाषेचा राजभाषेचा दर्जा काढायचे घाटत होते. १४ एप्रिलला विद्यार्थी याच रस्त्यावर उतरले आणि मॉस्कोला माघार घ्यावी लागली. ब्रेझनेवच्या काळात अशी माघार जवळजवळ अशक्य होती. आजही १४ एप्रिल इथे मातृभाषा दिन म्हणून पाळतात. तेहतीस अक्षरांची ही गोलगोल लिपी दुकानांच्या पाट्यांवर पाहताना आता माझी नजर ठरते.

११ एप्रिल

“मावशी, तू गोव्याची, तुला केतेवान ठाऊक असणारच,” भाची म्हणाली. ठाऊक आहे, आणि तिच्यासाठीच मी या शहरात यायचे ठरवले होते.

केतेवान जॉर्जियातल्या काखेतीची राणी. इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत तिने धर्म सोडायला नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिला तापलेल्या चिमट्यांनी हालहाल करून मारले. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि त्यांतले काही जुन्या गोव्याच्या आपल्या मठात आणून पुरले. १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बंद केले, मठ ओस पडला, चर्च ढासळले. उरला तो आपल्याला माहीत असलेला जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन केले. जुन्या पोर्तुगीज नोंदीत सांगितलेल्या खिडकीच्या आसपास हाड सापडले आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या डीएनए तपासणीने त्याला पुष्टी दिली. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी अवशेषांचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केला.

लहानपणापासून त्या मनोऱ्याजवळून मी कितीदा तरी गेले. शाळेच्या सहलीत त्याची उंची सांगितली, घंटेची गोष्ट सांगितली. केतेवानचे नाव कोणी घेतले नाही. इथे मात्र घरमालकीणबाईंनी गोव्याचे नाव ऐकताच माझे दोन्ही हात धरले आणि विचारले, “ती होती ती जागा तुम्ही पाहिली आहे?”

परतल्यावर त्यांना त्या खिडकीचा फोटो पाठवायचा आहे. पावसाआधी जाईन, नंतर तिथल्या दगडांवर शेवाळ चढते आणि पाय ठरत नाही.