तलावातल्या मोठ्या गोगलगायी : आपल्या की परक्या?



इंदूरला आमच्या कॉलनीच्या मागे एक जुना तलाव आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या काठाशी गोगलगायी दिसू लागल्या, त्याही चांगल्या मोठ्या लिंबाएवढ्या. दोनच दिवसांत कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'विदेशी घोंघा' आल्याचं जाहीर झालं. कोणी म्हणालं आफ्रिकेचा, कोणी म्हणालं चीनचा. रविवारच्या मीटिंगमध्ये पाण्यात मोरचूद टाकायचं जवळजवळ ठरलंच.

मी कॉम्प्युटरची बी.ई., जीवशास्त्र दहावीनंतर सुटलेलं. पण आमच्या कामात एक शिस्त असते. सिस्टीम बिघडली की आधी लॉग वाचायचे, मग काय काढून टाकायचं ते ठरवायचं. मोरचुदाने गोगलगायी मरतात, तसे मासेही मरतात. म्हणून मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि आत्याला बोलावलं. आत्या बी.एस्सी. झूऑलॉजी.

लोकांची भीती अगदीच निराधार नव्हती. दक्षिण अमेरिकेतली 'गोल्डन ॲपल स्नेल' 1980च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये आणली गेली. धंदा काही चालला नाही, गोगलगायी मात्र भातखाचरांत शिरल्या. पुढे फिलिपिन्स, व्हिएतनाम, थायलंडमध्येही त्यांनी भाताची कोवळी रोपं फस्त केली. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. त्याच यादीतली आफ्रिकन गोगलगाय तर 1847 मध्येच कोलकात्यात आली होती.

आफ्रिकन गोगलगायीचा प्रश्न लगेच निकालात निघाला. ती जमिनीवर राहते, तिला चार शिंगं असतात आणि शंखाच्या तोंडाला झाकण नसतं. आमच्या गोगलगायी पाण्यातल्या आणि झाकणवाल्या होत्या.

मग आत्याने रबरी हातमोजे घालून एक उचलली. (अशा गोगलगायींत माणसाला त्रास देणारे जंत असू शकतात, म्हणून नुसत्या हाताने उचलू नका.) ती झटकन आत गेली आणि दार लावावं तसं झाकण लागलं. आत्याने त्यावर टकटक केलं. झाकण शंखासारखंच जाड आणि टणक होतं. दक्षिण अमेरिकेतल्या गोगलगायीचं झाकण पातळ आणि लवचीक असतं.

"आता अंडी शोध," आत्या म्हणाली. "गुलाबी दिसली तर मला हाक मार."

ती परकी गोगलगाय पाण्याच्या वर, देठांवर आणि भिंतींवर गुलाबी अंड्यांचे घोस चिकटवते. लांबूनही ते नजरेत भरतात. आम्ही घाटाच्या पायऱ्या, पाइप, लव्हाळ्याचे देठ सगळं पाहिलं. गुलाबी काहीच नव्हतं. काठच्या ओल्या मातीत, एका खळग्यात साबुदाण्यासारखी पांढरी अंडी मात्र सापडली.

"अगं, ही तर आपली पायला! हिचंच डिसेक्शन करून आम्ही पास झालो!"

पायला इथलीच. पाण्यात कल्ल्याने आणि हवेत फुप्फुसाने श्वास घेते. उन्हाळ्यात तळं सुकलं की चिखलात शिरते, झाकण लावते आणि पावसाची वाट बघत पडून राहते. म्हणूनच पाऊस आला की गोगलगायी एकाएकी आल्यासारख्या वाटतात. आमच्या तलावावर येणारा मुग्धबलाक, म्हणजे चोचीत फट असलेला करकोचा, मुख्यतः हिच्यावरच जगतो. मोरचुदाने त्याचंही ताट रिकामं केलं असतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी झाकणाचे आणि अंड्यांचे फोटो दाखवले. एक काका म्हणाले, "दिसायला तर सारख्याच आहेत." खरं आहे, वरून सारख्याच दिसतात. पण अंड्यांचा रंग पाहिल्यावर तेही मानले. मोरचूद रद्द झालं. त्याऐवजी घाटावर पाटी लावली: 'अॅक्वेरियममधले मासे आणि गोगलगायी तलावात सोडू नका.' शोभेच्या पिवळ्या गोगलगायी त्या दक्षिण अमेरिकन गोगलगायीच्याच कुळातल्या असतात आणि परकी जात तलावात यायची ती बहुधा अशाच वाटेने.

तुमच्या गावच्या तळ्यात अशी मोठी गोगलगाय दिसली, तर आधी झाकण पाहा, मग अंडी शोधा. गुलाबी घोस दिसलाच तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा. औषधाची पिशवी तोवर बंदच राहू द्या.