बॅकी, फॅग आणि शवपेटीचा खिळा

तंबाखूला इंग्रज माणूस बोलताना 'बॅकी' म्हणतो. 'टोबॅको'चं डोकं उडवलं, शेपटीला ईकार लावला, झालं! आपल्याकडे प्रकाशचा पक्या होतो ना, तसंच. लाडाचं नाव.

सिगारेटचं 'फॅग' तर बऱ्याच जणांना माहीत असतं. ते आलं 'फॅग-एंड'वरून, म्हणजे मूळ अर्थ थोटूकच. न्यूकॅसलच्या बाजूला तिलाच 'टॅब' म्हणतात (ब्राउझरवाल्यांनी गोंधळू नये :)). तुरुंगात तंबाखू म्हणजे 'स्नाउट' किंवा 'बर्न'. तिथे ती चक्क चलन होती, उधारी-उसनवारी सगळी तिच्यावर. इंग्लंडच्या बंदिस्त तुरुंगांत २०१८ पर्यंत धूम्रपानबंदी पूर्ण झाली आणि ते चलनही गेलं.

पण मला खरी गंमत वाटते ती दोन शब्दांची. पहिला 'गॅस्पर', म्हणजे धाप लावणारी. पहिल्या महायुद्धाच्या काळातलं स्वस्त, कडक सिगारेटचं हे नाव. दुसरा त्याहून जुना, एकोणिसाव्या शतकातला. 'कॉफिन नेल', शवपेटीचा खिळा! आता बघा, डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवणारा प्रसिद्ध अभ्यास आला १९५० साली. म्हणजे डॉक्टरांच्या कितीतरी आधी ओढणाऱ्यांनीच निदान करून ठेवलं होतं. आणि त्यावर हसत हसत पुढची पेटवली होती.

थोडक्यात काय, माहिती नसणं हा प्रॉब्लेम कधी नव्हताच.

आमच्या टीममधला एक मित्र 'चल, एक सुट्टा मारू' म्हणतो. सुट्टा म्हटलं की कसं हलकं वाटतं, नाही? पाकिटावरचं भयानक चित्र त्याला पाठ आहे. डॉक्टरांचं ऐकून झालंय, बायकोचं रडून झालंय. तीनदा सोडली, तीनदा परत धरली. सोमवारपासून चौथ्यांदा सोडलीय. मी त्याला आकडे ऐकवत नाही. सवय सिगारेटची असते तशीच चार वाजता खाली उतरायचीही असते, म्हणून चार वाजता मीच त्याला उठवतो आणि पानटपरीच्या उलट्या दिशेला कटिंग प्यायला नेतो.

आज शनिवार, सहावा दिवस. ऑफिस बंद, चारचा चहाही नाही. म्हणून मघाशी फोन केला.

"अरे, एकही नाही अजून," म्हणाला, "पण डोकं जाम फिरलंय."

पाच वाजता त्याच्या घरी जातोय. बघू.