डायवरच्या अंगाला

आमच्या आज्जीचा एक नियम होता. हातकणंगल्याहून कोल्हापूरला जाताना एसटीत डायवरच्या अंगाला बसायचं, येताना दाराच्या. गाडी थांबायच्या आत मी खिडकीतून रुमाल टाकायचा, तोही बाजू बघून. चुकीच्या सीटवर पडला, की ती मला सोडून रुमालालाच बोलायची.

रस्ता पूर्व-पश्चिम. वर्षातला बहुतेक काळ ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून उत्तरेची खिडकी सावलीची. मे ते ऑगस्ट दुपारचा सूर्य जरा उत्तरेला सरकतो आणि नियम खोटा पडतो. पण त्यातले बरेच दिवस ढगातच जातात, त्यामुळे आज्जीचा शब्द कधी खाली पडला नाही.

गेल्या सप्टेंबरात हैदराबादहून कोल्हापूरचं विमान धरलं, तेव्हा आदल्या दिवशी मोबाइलवर सीटचा नकाशा उघडून बसलो. हाही रुमालच, फक्त खिडकीचे वेगळे पैसे पडतात. विमान पंख्याचं, एटीआर. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं दिसायला आडकाठी नाही. मोठ्या जेटमध्ये मधल्या रांगांना खिडकी मिळूनही पंखच बघावा लागतो. इथे पुढच्या काही रांगांना तेवढा पंखा आडवा येतो. मागची रांग घेतली. बाजू? पश्चिमेला जायचं, म्हणजे उजवी. विमानाचा कॅप्टन डावीकडे बसतो, तेव्हा डायवरचा हिशेब इथे चुकला असता. सावलीचा चुकला नाही.

आणि सावलीच्या बाजूला एक गोष्ट मिळते, ती उन्हाच्या खिडकीला कधीच मिळत नाही. खाली ढगांचा थर होता. त्यावर आमच्या विमानाची इवलीशी सावली पळत होती आणि तिच्याभोवती गोल रंगीत कडं. इंद्रवज्र! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लोक ज्यासाठी धुक्यात ताटकळतात, ते मला बसल्या जागी, पाण्याची बाटली हातात धरून. सूर्य पाठीशी लागतो, एवढीच अट.

पण मी खिडकी त्यासाठी घेतली नव्हती. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. त्याची धावपट्टी पूर्वेकडे मनातल्या मनात लांबवली, तर ती रेघ हातकणंगले आणि इचलकरंजीच्या मधून जाते. वारा पश्चिमेचा असला, की विमान पूर्वेकडून उतरतं. इचलकरंजी डावीकडे, आम्ही उजवीकडे.

ढग फाटले आणि नुसता ऊस दिसला. वरून ऊस शेतासारखा दिसतच नाही, ओल्या घोंगडीसारखा दिसतो. गाव कुठलं, कळेना. घर शोधण्यात अर्थ नव्हता. निळ्या पत्र्यांची एवढी गर्दी, की आमचं कौल त्यात कुठून सापडणार? मग मिरजेकडून आलेली रेल्वेची बारीक रेघ सापडली. १८९१ची ती लाइन. रेघेवर स्टेशन, आणि पलीकडे उत्तरेला आळत्याच्या रामलिंगाचा डोंगर. लहानपणी श्रावणात चढताना तो संपता संपायचा नाही. वरून तो पालथ्या परातीएवढा. त्या दोन खुणांच्या मधे जे काही होतं, ते माझं गाव. मी काचेला नाक लावलं. डाव्या रांगेतला एक जण तसाच काचेला चिकटला होता, इचलकरंजीचा असणार.

अर्धा मिनिट, फार तर. मग खाली चाकं उतरली, लालसर फुगलेली पंचगंगा तिरकी झाली आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "दिसलं का काही?"

"गेलं मागं," मी म्हणालो.

ज्या गावावरून चारपाच मिनिटांपूर्वी आलो, तिथे परत जायला पुढे दीड तास लागला. कोल्हापूरच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागत होती. खिशात रुमाल होता. दाराच्या अंगाची खिडकी बघून टाकला.